बँकेतले क्वार्टरचे रोल फोडून दुर्मीळ नाणी खरंच सापडतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत शिकणाऱ्या एका मराठी मुलानं कपडे धुवायच्या मशिनसाठी बँकेतून क्वार्टरचे, म्हणजे २५ सेंटच्या नाण्यांचे, दोन-तीन रोल आणले. त्यात १९७६ चं ढोलवाल्याचं एक आणि २००४ चं विस्कॉन्सिन राज्याचं एक नाणं निघालं. अशाच नाण्यांना हजारो डॉलर मिळाल्याचे व्हिडिओ त्यानं पाहिलेत. रोल फोडून नाणी शोधणं जमण्यासारखं आहे का, सुरुवात कशी करायची आणि हातातल्या या दोन नाण्यांचं काय करायचं, हे त्याला हवंय.

सापडतात. चांदीचीही सापडतात. पण व्हिडिओत सांगतात ती नाणी नव्हेत, आणि त्या वेगानं तर नाहीच. उत्पन्नाचा मार्ग म्हणून यात उतरलात तर महिन्याभरात कंटाळून सोडून द्याल. नाणी निरखायची आवड असेल तर मात्र इतका स्वस्त छंद अमेरिकेत शोधून सापडणार नाही, कारण जे नको ते दर्शनी किमतीला बँकेत परत जातं. खर्च होतो तो वेळ आणि गाडीचं पेट्रोल. मी ओहायोत बरीच वर्षं हे करतोय. किती नाणी तपासली यापेक्षा ती कुठून आणली याला जास्त महत्त्व आहे, हे माझं आता ठाम मत आहे. म्हणून आधी तेच सांगतो.

एका रोलमध्ये ४० नाणी असतात, म्हणजे १० डॉलर. ५० रोलचा एक बॉक्स, म्हणजे ५०० डॉलर आणि २००० नाणी. वजन भरतं साडेअकरा किलोच्या आसपास, तेव्हा पाठदुखी असेल तर बॉक्सच्या भानगडीत पडू नका. नव्यानं सुरू करणाऱ्यानं पाच रोल घ्यावेत. पन्नास डॉलर अडकतात आणि एका संध्याकाळी काम आटोपतं.

हे रोल शाखेत दोन वाटांनी पोचतात. एक वाट फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आणि लूमिस, ब्रिंक्स यांसारख्या रोकड वाहून नेणाऱ्या कंपन्यांची. त्यांच्या केंद्रांत नाणी मशिननं मोजली जातात, कागदात गुंडाळली जातात आणि बॉक्स भरून शाखांना जातात. हे रोल सगळे एकसारखे, दोन्ही टोकांना घट्ट मुरडलेले असतात. दुसरी वाट गिऱ्हाइकांची. कुणीतरी घरातली बरणी रिकामी करतं, बँकेकडून मिळणाऱ्या कागदी नळ्यांत नाणी भरतं आणि काउंटरवर आणून देतं. टेलर, म्हणजे काउंटरवरची रोखपाल, ते रोल ड्रॉवरमध्ये टाकते आणि पुढच्या मागणाऱ्याला देते. बँकेत यांना कस्टमर रॅप्ड म्हणतात.

मशिनच्या बॉक्समधली नाणी म्हणजे अख्ख्या भागातल्या दुकानांची, पार्किंग मीटरांची आणि लॉन्ड्रींची सरमिसळ. ती वर्षानुवर्षं फिरलेली आणि अनेक नजरांखालून गेलेली असतात. हातानं भरलेल्या रोलमागे मात्र एखादं घर असतं. आजोबांच्या मागे कपाट आवरताना सापडलेली बरणी नातवानं बँकेत नेऊन भरली, असं इथं सर्रास होतं. बरणी चाळीस वर्षं बंद असेल तर आतली नाणीही तितकीच जुनी. एका लहानशा क्रेडिट युनियनमधून, म्हणजे सभासदांच्या सहकारी बँकेतून, मी असे चार रोल घेतले होते. तीन अगदी साधे निघाले. चौथ्याचा कागद पिवळा पडलेला होता आणि त्यावर छापलेल्या नावाची बँक केव्हाच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली होती. त्या एका रोलमधली निम्म्याहून जास्त नाणी चांदीची होती. तेव्हापासून कुठलाही रोल फोडण्याआधी मी त्याचा कागद पाहतो. जुना कागद, बंद पडलेल्या बँकेचं नाव, पेन्सिलीनं लिहिलेली रक्कम, असं काही दिसलं की तो रोल बाजूला काढून सावकाश बघायचा.

त्यामुळे काउंटरवर नुसतं 'क्वार्टर द्या' म्हणू नका. 'लोकांनी हातानं भरून दिलेले रोल असतील तर सगळे घेतो,' असं स्पष्ट सांगा. महिन्याची पहिली तारीख आणि शुक्रवारची दुपार टाळा, तेव्हा रांग असते आणि टेलरला तुमच्यासाठी ड्रॉवर चाळायला वेळ नसतो. खातं असलेल्या बँकेतच मागा. खातं नसलेल्याला रोल द्यायला बऱ्याच शाखा नकार देतात, आणि बॉक्स मागवला तर काही ठिकाणी शुल्कही लावतात, ते आधी विचारून घ्या. कशासाठी हवेत असं विचारलं तर खरं सांगा. छंद आहे म्हटलं की निम्म्या टेलर खुलतात आणि पुढच्या वेळी काही विचित्र नाणं आलं तर आठवणीनं काढून ठेवतात.

तपासलेली नाणी ज्या शाखेतून आणली तिथं कधीही परत करू नका. एक तर तीच नाणी पुन्हा तुमच्याच हाती येतील. दुसरं, तुम्ही त्यांचं काम वाढवताय हे त्यांच्या लक्षात येईल आणि रोल मिळायचे बंद होतील. परतीसाठी वेगळी बँक ठेवा, शक्यतो जिथं सभासदांना नाणी मोजायचं मशिन फुकट वापरता येतं अशी क्रेडिट युनियन. सुपरमार्केटमधल्या मशिनवर पैसे भरू नका, रोख हवी असेल तर ती मोठा वाटा कापून घेतात. पण जाता-येता त्यांच्या नाकारलेल्या नाण्यांच्या खाचेत डोकवायची सवय लावून घ्या. चांदीच्या नाण्याचं वजन आणि धातू वेगळा असल्यानं मशिन ते बऱ्याचदा बाहेर टाकतं, आणि पुष्कळ लोक ते तिथंच सोडून जातात.

आता नाणी बघायची कशी ते सांगतो. रोल फोडला की नाणी मोजू नका, वर्षंही वाचू नका. चाळीसच्या चाळीस नाणी एका ओळीत आडवी, कडा वर येतील अशी ठेवा आणि दिवा बाजूनं धरा. आजच्या क्वार्टरमध्ये आत शुद्ध तांबं असतं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचा पांढरा थर, म्हणून प्रत्येक कडेवर तांबूस पट्टा दिसतो. चांदीच्या नाण्याची कड सगळीकडून पांढरी असते. तांदूळ निवडताना नजर जशी खड्यावरच अडते तशी ती त्या पांढऱ्या कडेवर अडते. सरावानं एका रोलला काही सेकंद पुरतात.

पांढरी कड दिसली की साल पाहा. १९६४ किंवा त्याआधीचं असेल तर ते ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांब्याचं नाणं आहे. त्याचं वजन ६.२५ ग्रॅम असतं, साध्या क्वार्टरचं ५.६७. आत चांदी ५.६२५ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबानं अर्ध्या तोळ्याला थोडी कमी. ट्रॉय औंसात (३१.१ ग्रॅम, चांदीचा भाव याच मापात सांगतात) हे प्रमाण ०.१८ च्या वर जातं, तेव्हा त्या दिवशीच्या चांदीच्या औंसाच्या भावाला ०.१८ नं गुणलं की नाण्याची मोडीची किंमत कळते. चांदी ३० डॉलर औंस असेल तर एका क्वार्टरमध्ये सुमारे ५ डॉलर ४० सेंटची चांदी झाली.

पुष्कळांना वाटतं की रोल न फोडता नुसता वजनकाट्यावर ठेवून चांदी ओळखता येईल. अख्खा रोल चांदीचा असेल तर येईल, कारण तो २५० ग्रॅम भरतो आणि साधा २२७. पण चाळिसात एकच चांदीचं असेल तर फरक पडतो जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, आणि नाण्यांची झीज नि कागदाचं वजन यात तेवढा फरक सहज लपून जातो. फोडल्याशिवाय कळत नाही.

चांदीची नाणी इतकी कमी का, यामागचं कारण नीट समजून घ्यायला हवं, म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहतात. साठच्या दशकात चांदीचा भाव इतका चढला की नाण्यातल्या धातूची किंमत त्याच्या दर्शनी किमतीला भिडायला लागली. क्वार्टरच्या बाबतीत ही रेषा औंसाला १ डॉलर ३८ सेंटवर येते. लोक नाणी साठवू लागले आणि बाजारात सुट्ट्या पैशांचा दुष्काळ पडला. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २३ जुलै १९६५ ला नव्या कायद्यावर सही केली आणि क्वार्टरमधली चांदी गेली. मात्र टंचाई मिटवण्यासाठी टांकसाळीनं १९६४ चंच साल टाकून चांदीची क्वार्टरं पाडणं नंतरही चालू ठेवलं. त्यामुळे १९६४ च्या क्वार्टरांची संख्या फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर मिळून सव्वाशे कोटींच्या वर गेली. रोलमध्ये चांदीचं नाणं निघालं तर ते बहुतेक वेळा १९६४ चंच का असतं, त्याचं उत्तर हे. पुढच्या काही वर्षांत सरकारनंही परत येणारी चांदीची नाणी वेगळी काढली, लोकांनीही काढली, आणि हाताशी उरली ती चुकूनमाकून सुटलेली. साठ वर्षं उलटल्यावर अख्खा बॉक्स कोरडा गेला तर त्यात नवल नाही. नुसती चांदीच हवी असणाऱ्यांनी क्वार्टर सोडून अर्ध्या डॉलरचे रोल मागवावेत. ती नाणी कमी फिरतात आणि १९६५ ते १९७० च्या त्यांच्या नाण्यांतही ४० टक्के चांदी आहे. क्वार्टरमध्ये बघण्यासारखं जितकं आहे तितकं मात्र अर्ध्या डॉलरमध्ये नाही.

पांढरी कड काही वेळा फसवतेही. उत्तरेकडच्या राज्यांत ती बहुधा कॅनडाच्या २५ सेंटची असते. ते नाणं किंचित लहान असतं. लोहचुंबकाला चिकटलं तर निकेल किंवा पोलाद, म्हणजे साधं. चिकटलं नाही आणि साल १९६६ किंवा आधीचं असेल तर किमान ८० टक्के चांदी. १९६७ च्या काहींत ८० टक्के आणि काहींत ५० टक्के, १९६८ च्या काहींत ५० टक्के आणि बाकी निकेल. म्हणून दहा डॉलरच्या भिंगाइतकाच साधा लोहचुंबकही टेबलावर हवा. हातानं भरलेल्या रोलमध्ये इतर देशांचीही नाणी निघतात. न्यू जर्सीत एडिसनकडच्या एका रोलमध्ये मला आपलं स्टीलचं एक रुपयाचं नाणं मिळालं होतं, सालाखाली हैदराबाद टांकसाळीचा तारा असलेलं. क्वार्टरपेक्षा ते थोडं रुंद, पण कागदी नळीत बरोबर बसलेलं.

टांकसाळीच्या खुणांचा विषय निघालाच आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत. आपल्याकडे मुंबई टांकसाळीच्या नाण्यावर हिऱ्याची आकृती असते आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसतं. कोलकात्याचं नाणं खूण नाही म्हणून कुणी दुर्मीळ समजत नाही. अमेरिकेतही तसंच आहे. डेन्व्हरचं डी आणि सॅन फ्रान्सिस्कोचं एस. फिलाडेल्फियाच्या क्वार्टरवर १९७९ पर्यंत खूणच नव्हती, १९८० पासून पी आला. १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत तर कुठल्याच टांकसाळीनं खूण टाकली नाही. 'मिंट मार्क नसलेलं १९७६ चं क्वार्टर लाखांचं' असं कुणी सांगत असेल तर तो व्हिडिओ तिथंच बंद करा. ते फिलाडेल्फियाचं नेहमीचं नाणं आहे.

तुमच्या पहिल्या नाण्याचं उत्तर यातच आलं. १७७६-१९७६ असं दुहेरी साल असलेलं ढोलवाल्याचं क्वार्टर स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी १९७५ आणि १९७६ अशी दोन वर्षं पाडलं गेलं. म्हणूनच १९७५ साल असलेलं क्वार्टर अस्तित्वातच नाही. चलनासाठी ही नाणी १६७ कोटी पाडली. वापरलेल्याची किंमत २५ सेंट. संग्राहकांसाठी त्याची ४० टक्के चांदीची आवृत्तीही निघाली होती, एस खुणेची. तिच्या कडेवर लालसर पट्टा नसतो, राखाडी दिसते, आणि वजन ५.७५ ग्रॅम. ती रोलमध्ये येणं फार कठीण. तुमच्या नाण्यावर डी असेल किंवा काहीच नसेल तर पाहून झाल्यावर खुशाल कपडे धुवायला वापरा.

कडा बघून झाल्यावरच्या दुसऱ्या फेरीत माझी सगळ्यात आवडती गोष्ट येते, ती म्हणजे डब्ल्यू. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंट टांकसाळीनं क्वार्टरं पाडली आणि ती संग्राहकांना न विकता थेट चलनात, इतर नाण्यांच्या पोत्यांत मिसळून सोडली. लोकांनी सुट्टे पैसे पुन्हा निरखून बघावेत हाच त्यामागचा हेतू होता. दरवर्षी पाच चित्रं आणि प्रत्येकाची २० लाख नाणी, म्हणजे सगळी मिळून फक्त दोन कोटी. तुलनेसाठी सांगतो, २००० सालच्या व्हर्जिनियाच्या क्वार्टरांची संख्या दीडशे कोटींच्या वर होती. डब्ल्यूची खूण समोरच्या बाजूला जॉर्ज वॉशिंग्टनच्या वेणीमागे, पी किंवा डी जिथं असतो तिथंच असते. २०२० च्या नाण्यांवर समोरच्या बाजूला व्ही ७५ अशी छोटी मुद्राही आहे, दुसरं महायुद्ध संपल्याला ७५ वर्षं झाल्याची. २०१९ ची चित्रं लोवेल, अमेरिकन मेमोरियल पार्क, वॉर इन द पॅसिफिक, सॅन अँटोनियो मिशन्स आणि फ्रँक चर्च. २०२० ची अमेरिकन समोआ, वेअर फार्म, सॉल्ट रिव्हर बे, मार्श-बिलिंग्स-रॉकफेलर आणि टॉलग्रास प्रेअरी. ही दहा चित्रं ओळखायला शिका. मग प्रत्येक नाण्याची खूण वाचायची गरज उरत नाही. मागची बाजू बघत जायचं आणि यातलं चित्र आलं की तेवढंच नाणं उलटवायचं.

वापरलेल्या डब्ल्यूलाही दर्शनी किमतीच्या अनेक पट मिळतात, पण बेत पैशाचा नसला तरी मी ती ठेवतोच. कुणी पाकिटात घालून विकलेली नाहीत, जो निरखून बघतो त्यालाच ती मिळतात. चांदीसारखी ती साठ वर्षं उपसलीही गेलेली नाहीत, आणि अनेकांना अजून त्यांच्याबद्दल माहीतच नाही. त्यामुळे मशिनच्या बॉक्सला मी अजून हात लावतो तो केवळ यांच्यासाठी. २०२० च्या जूनमध्ये महामारीत नाण्यांची टंचाई झाली तेव्हा फेडरल रिझर्व्हनं बँकांना नाणी मोजून द्यायला सुरुवात केली होती आणि आमच्यासारख्यांना बॉक्स मिळेनासे झाले. व्हीची मुद्रा असलेली नाणी नेमकी त्याच वर्षी बाहेर पडली.

एसची खूण दिसली तर लगेच हरखून जाऊ नका. १९६८ पासून सॅन फ्रान्सिस्कोत संग्राहकांसाठी आरशासारख्या चकाकीची प्रूफ नाणी पडतात. कुणाच्या घरातून ती चुकून खर्च होतात आणि रोलमध्ये येतात. त्यांची कड बघा. तांबूस पट्टा असेल तर किंमत मामुली. पट्टा नसेल आणि साल १९९२ किंवा नंतरचं असेल तर ते चांदीचं प्रूफ. २०१२ पासून एसची साध्या झळाळीची नाणीही संग्राहकांसाठी निघायला लागली. ती चलनात नव्हती, म्हणून ठेवून द्यायला छान, पण त्यांचा भाव जेमतेम असतो.

आता तुमचं दुसरं नाणं, विस्कॉन्सिन २००४. हे खरोखर बघण्यासारखं आहे. नाण्यावर गाय, चीजचा गोल आणि मक्याचं कणीस आहे. डेन्व्हरच्या काही नाण्यांवर कणसाच्या डाव्या बाजूला खालच्या भागात एक जादा पान उमटलंय. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात ते पान वर गेलेलं, दुसऱ्यात खाली चीजकडे वाकलेलं. २००४ च्या अखेरीस अॅरिझोनातल्या टुसानच्या आसपास ही पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आली. आधी समोरची बाजू बघा. पी असेल तर विषय संपला, हा प्रकार डीचाच आहे. डी असेल तर दिवा तिरपा धरून भिंगाखाली बघा. खरं पान म्हणजे स्पष्ट उठाव असलेली जाड वक्र रेघ असते, बोटाच्या नखालाही ती जाणवते. ओरखडा खोल गेलेला असतो, उठलेला नसतो. खरं निघालं तर चांगल्या अवस्थेत दोन आकडी डॉलर नक्की मिळतील. हजारो मिळणार नाहीत.

प्रत्येक राज्याचं वेगळं चित्र असलेल्या या मालिकेत (१९९९ ते २००८, वर २००९ ला वॉशिंग्टन डीसी आणि बेटांची सहा) असे आणखी प्रकार आहेत. मिनेसोटा २००५ च्या काही नाण्यांवर तळ्याकाठच्या झाडांत एक जादा झाड दिसतं. त्याचे इतके पोटभेद आहेत की नव्या माणसानं आधी फक्त ठळक दिसणारं शोधावं. डेलावेअर १९९९ च्या घोड्याच्या तोंडातून ठशाला गेलेल्या तड्यामुळे थुंकीसारखी रेघ आलीय. कान्सास २००५ च्या काहींवर ठशात वंगण भरल्यामुळे 'इन गॉड वी ट्रस्ट' या ओळीतल्या 'ट्रस्ट'मधला पहिला टी उमटलेलाच नाही. मजेदार आहेत, पण शेवटच्या दोन्हींचा भाव फार नाही. मला स्वतःला याहून १९८२ आणि १९८३ ही दोन सालं महत्त्वाची वाटतात. त्या दोन वर्षी टांकसाळीनं संग्राहकांसाठी न वापरलेल्या नाण्यांचे नेहमीचे संच काढलेच नाहीत. जवळपास सगळी नाणी बाजारात गेली आणि झिजली. आज चमक शाबूत असलेलं १९८३ चं पी सापडलं तर ते जपून ठेवा. झिजलेलं मात्र २५ सेंटचंच.

ठशाची चूक आणि नंतर झालेली इजा यांतला फरक ओळखता येणं हेच या छंदातलं खरं शिक्षण. काही खुणा वारंवार दिसतात. रोलच्या टोकाच्या नाण्यावर गोलाकार चकचकीत ओरखडा असतो, तो कागद मुरडणाऱ्या मशिनचा. कड आत दाबली जाऊन नाणं लहान झालेलं असतं, ते कपडे वाळवण्याच्या यंत्रात महिनोन् महिने अडकून फिरलेलं. लाल नेलपॉलिश लावलेलं क्वार्टर म्हणजे बारमालकानं किंवा लॉन्ड्रीवाल्यानं आपलं नाणं ओळखता यावं म्हणून केलेली खूण. सोनेरी मुलामा किंवा रंगीत चित्र असेल तर ते भेटवस्तू म्हणून विकलेलं, त्याला वेगळी किंमत नाही. अक्षरं दुहेरी दिसली तर भिंगातून नीट पाहा. दुसरी छाया सपाट, पायरीसारखी आणि अक्षर बारीक करणारी असेल तर ते नाणं पाडताना ठसा हलल्यामुळे झालेलं असतं, त्याला मोल नाही. दोन्ही छाया गोलसर, पूर्ण उठावाच्या, आणि अक्षराची टोकं दुभंगलेली असतील तर ती ठशातलीच चूक असू शकते. ते नाणं बाजूला ठेवा.

एक बाजू पांढरी आणि दुसरी संपूर्ण तांब्याच्या रंगाची निघाली तर ताबडतोब वजन करा. वरचा थर पट्टीला चिकटलाच नाही तर असं होतं, आणि वजन ५.६७ पेक्षा स्पष्ट कमी भरतं. वजन पूर्ण असेल तर तो नुसता डाग किंवा आम्लाचा परिणाम. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा त्यासाठी हवा. १९६५ सालाचं पण ६.२५ ग्रॅम भरणारं, चुकून चांदीच्या चकतीवर पडलेलं क्वार्टर त्या काट्यानंच ओळखता येईल. असं नाणं अत्यंत दुर्मीळ. पण १९६५ चं पांढऱ्या कडेचं नाणं दिसलं तर वजन केल्याशिवाय सोडू नका.

हजारो डॉलरच्या बातम्या कुठून येतात तेही सांगतो. १९७० चं एक एस प्रूफ क्वार्टर कॅनडाच्या १९४१ च्या नाण्यावर छापलं गेलं होतं, आणि कुणीतरी ते इंटरनेटवर ३५,००० डॉलर मागून विकायला ठेवलं. त्या एका वस्तूवरून '१९७० चं क्वार्टर ३५ हजारांचं' अशा बातम्या झाल्या. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईबेवर नाणं शोधताना विकल्या गेलेल्या वस्तूंची चाळणी लावा आणि तेवढेच आकडे खरे माना. तशीच १९३२ ची डी आणि एस ही दोन क्वार्टरं. अनुक्रमे ४,३६,८०० आणि ४,०८,००० एवढीच पाडलेली, वॉशिंग्टनच्या मालिकेतली सर्वांत मोलाची. रोलमध्ये दिसलं तर आधी खूण नंतर चिकटवलेली नाही ना हे जाणकाराकडून तपासून घ्या. त्या काळची खूण मागच्या बाजूला, पुष्पचक्राखाली असते.

सापडलेलं नाणं धुऊ नका. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, खोडरबर, यातलं काहीही लावायचं नाही. घरातली तांब्या-पितळेची भांडी घासायची आपली सवय इथं घात करते. घासलेल्या पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे जाणकाराला लगेच दिसतात आणि किंमत निम्म्याच्याही खाली येते. कडांना धरून उचला, पुठ्ठ्याच्या चौकटीत किंवा कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवा. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं टाळा, त्यांच्यातल्या रसायनानं नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो.

घरात लहान मुलं असतील तर राज्यांच्या क्वार्टरचं ५६ खाचांचं पुठ्ठ्याचं फोल्डर आणा. रोल फोडताना मुलांना फक्त एवढंच काम द्यायचं, आपल्याकडे नसलेलं राज्य शोधायचं. इथं वाढणारी मुलं नकाशा पाठ करण्याआधी डेलावेअरचा घोडेस्वार आणि मिनेसोटाचं तळं ओळखायला लागतात, आणि त्याला खर्च येतो चौदा डॉलर, ५६ क्वार्टरांचा. २०२२ ते २०२५ मधल्या अमेरिकन स्त्रियांच्या वीस नाण्यांचाही असाच संच करता येतो. ती अजून चकचकीत अवस्थेत मिळतात, म्हणून आत्ताच सुरू करा.

विकायची वेळ आली तर साध्या चांदीच्या क्वार्टरसाठी ग्रेडिंग कंपनीकडे, म्हणजे नाणं तपासून त्याचा दर्जा ठरवून देणाऱ्यांकडे, जाऊ नका, तिथला खर्च नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. गावातल्या नाण्यांच्या दुकानात त्यांचा भाव दर्शनी रकमेच्या पटीत सांगतात. वापरून झिजलेल्या नाण्यांसाठी एक डॉलर दर्शनी रकमेला, म्हणजे चार क्वार्टरना, ०.७१५ औंस चांदी धरायची प्रथा आहे. जाण्याआधी घरूनच हिशेब करून जा, दोन-तीन दुकानांत विचारा, आणि विस्कॉन्सिनचं पान किंवा डब्ल्यू असेल तर ते चांदीच्या ढिगात मिसळू नका. त्यांचा भाव चांदीवर ठरत नाही, तो वेगळा विचारावा लागतो.